पिपाणीतून आलेला ‘ळ’

टाळूला चिकटवून तोंडात धरायच्या पिपाणीतून ‘ळ’ हा वर्ण निघू शकतो का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. खात्रीचे उत्तर मला मिळालेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी कोणाची निराशा नको.

मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. नोकरीची सगळी वर्षे शाळेत मराठी आणि व्याकरण शिकवले. या सदरातले अतर्क्य अनुभव मी नेमाने वाचतो. पण खरे सांगायचे तर ते चुका काढण्यासाठी. ‘कोणीतरी दिसले’ असे वाक्य आले की, कोणी पाहिले, किती अंतरावरून पाहिले, उजेड किती होता, हे प्रश्न मी पेन्सिलीने समासात लिहीत असे. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असे म्हणवत नाही. त्यामुळे याच पंक्तीत येऊन बसताना संकोच वाटतो. मात्र माझी खरी लाज त्या संकोचाहून मोठी आहे. ती मी एकदा मान हलवून दिलेल्या होकाराची आहे, आणि ती कळण्यासाठी आधी अक्काची ओळख करून द्यायला हवी.

अक्का ही माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो आणि तिचे सगळे गावही तिला अक्काच म्हणते. अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावात तिला दिलेले आहे. घरात कानडी आणि बाजारात मराठी, अशी तिथली रीत. अक्का आणि दाजी यांना मूलबाळ नाही. काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सांगण्यावरून अक्काने टर्की कोंबड्यांची पिल्ले आणली आणि हळूहळू वीसेक पक्ष्यांचा कळप उभा केला. ज्यांनी टर्की पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : हा पक्षी साध्या कोंबडीच्या तिप्पट-चौपट असतो. नर मोराचा गरीब चुलता शोभावा असा शेपटीचा पंखा उभारून चालतो. मान निळी-तांबडी, आणि चोचीवरून एक लाल मांसल सोंड लोंबत असते.

अक्काच्या कळपात मोठा नर एकच होता आणि त्याचे नाव बाळप्पा. शेजारच्या रानातल्या शेतकऱ्याचे नावही बाळप्पा. हा योगायोग नव्हे. “दोघंबी काम काय करत न्हाईत, नुसतं फुगून फिरत्यात,” अक्का म्हणायची, “मग दोघास्नी एकच नाव पुरतं की!” संध्याकाळी बांधावर उभी राहून ती हाक द्यायची : “बाऽ बाळप्पा, बाऽऽ!” कानडीत ‘बा’ म्हणजे ‘ये’. तुरीतून, ज्वारीतून तो पक्षी डुलत यायचा आणि त्याच्या मागे सगळा कळप. मग पलीकडच्या विहिरीवरून माणूस-बाळप्पा मुद्दाम ओ द्यायचा, “बंदे अक्का, बंदे!” म्हणजे ‘आलो अक्का, आलो’. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसू. मी सुट्टीत गेलो की मलाही हसू यायचे.

अक्काला मिश्री लावायची सवय होती. जिभेच्या कडेला झालेली जखम तिने पुष्कळ दिवस पदराआड ठेवली. दिवाळीनंतर सोलापुरात ऑपरेशन झाले आणि जिभेचा जवळजवळ अर्धा भाग काढावा लागला. पुढच्या उपचारांसाठी ती आमच्याच घरी राहिली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावले होते, “त्यांना बोलू द्या. जितकं बोलतील तितकी जीभ वळेल.” ती बोलायची. जन्मभर मी वर्ण शिकवलेले. तिच्या तोंडून कोणते वर्ण गेले ते मला पहिल्याच दिवशी कळले. ओठांचे प, ब, म शाबूत होते. कंठातले क, ग बऱ्यापैकी होते. ट, ल, ळ, र मात्र गेले होते. ‘बाळप्पा’ म्हणताना ती ‘बा’ म्हणे, मग मध्ये एक ओली पोकळी येई आणि मग ‘अप्पा’.

घरी पाहुणे आले, की मी म्हणत असे, “अक्का, तू दमू नकोस, मी सांगतो.” ती गप्प बसे. त्या वेळी मला वाटे, की मी तिची काळजी घेतो आहे.

मार्गशीर्षात एका सकाळी दाजींचा फोन आला. तो मी सवयीने स्पीकरवर टाकला. अक्का समोर पेजेची वाटी घेऊन बसली होती.

“मास्तर, बाळप्पा गेला की ओ! खुराड्याचं दार उघडं ऱ्हायलं. बाभळीकडच्या तुरीत शिरलाय. जवळ गेलं की उडून झाडावर बसतोय. मी हाक मारली, रसूलभाईनं मारली, ढुंकून बगत न्हाय. माद्याबी खुराड्यात ऱ्हाईनात, त्याच्याच वाटंला लागत्यात. कोल्ही लई झाल्यात हितं. मी म्हंतो, इकून टाकावं सगळं... तिला आता कुटं हाक मारायला जमतंय?”

अक्काने वाटी खाली ठेवली. त्या दिवशी ती परत उचलली नाही.

पुढच्या दिवसांत ती काहीच मागत नव्हती, हे मला अधिक लागले. औषध दिले की घेई, ऊठ म्हटले की उठे. तिच्या गावातल्या घरी आता तिची वाट पाहणारे म्हणजे दाजी आणि तो कळप. कळप विकला गेला तर ती बरी कशासाठी होईल, हे मला दिसत नव्हते. म्हणून मी ठरवले, की तिला हाकेसाठी दुसरे साधन मिळवून द्यायचे.

मी अभ्यासाला बसलो. अमेरिकेत रानटी टर्कीची शिकार होते आणि तिथले शिकारी मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतात, हे मला व्हिडिओंतून कळले. त्यासाठी हाताने घासायची खोकी असतात, पाटीच्या तुकड्यावर काडी घासून वाजवायची साधने असतात. पण सर्वांत नेमका आवाज टाळूच्या पिपाणीचा, असे पुष्कळ जण सांगत. ही पिपाणी म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची लहानशी धातूची चौकट. तिच्यावर अगदी पातळ रबरी पडदा ताणलेला असतो आणि भोवती पट्टीची झालर. ती टाळूला बसवायची, नालेची उघडी बाजू दातांकडे ठेवायची, जीभ खालून हलकेच टेकवायची आणि फुंकण्याऐवजी पोटातून श्वास बाहेर ढकलायचा. पडदा थरथरतो आणि मादीचा दोन तुकड्यांचा आवाज निघतो. पहिला तुकडा चढा, दुसरा पडका.

निवडीचे नियमही मी शिकलो. एकपदरी पडदा हलक्या श्वासाला वाजतो, पण आवाज कोवळा येतो. तीनपदरी, चिरा दिलेला पडदा घोगरा वाजतो, पण त्याला दम लागतो. नवशिक्याने दोनपदरी, बिनचिरेचा घ्यावा. टाळू अरुंद असेल तर झालर कात्रीने थोडी थोडी कापून बसवावी. घाई करू नये. मी दोनपदरी दोन पिपाण्या मागवल्या, एक तिची आणि एक माझी. त्या आल्यावर तिच्या टाळूच्या अंदाजाने झालर कापली, कोमट पाण्यात धुतली आणि आरसा घेऊन तिच्यासमोर बसलो.

“हे बघ अक्का, ही अशी वर बसवायची. आता जिभेचं टोक इथं...”

स्वयंपाकघराच्या दारातून माझी पत्नी म्हणाली, “अहो...”

मी पडदे पाहिले होते, चिरा पाहिल्या होत्या, झालर मोजून कापली होती. जीभ पाहिली नव्हती.

अक्काला ते माझ्याआधीच समजले असावे. तरी तिने प्रयत्न केला. पिपाणी पुनःपुन्हा घसरली, लाळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत आली, ती तिने पदराने टिपली आणि परत प्रयत्न केला, मला वाईट वाटू नये म्हणून. शेवटी तिने पिपाणी काढली, स्वतः नळावर धुऊन आणली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटे एकेक करून मिटवली. मग माझ्याकडे बोट केले. तू वाजव.

मी गच्चीवर सराव सुरू केला. “शेजारच्या बाई विचारत होत्या, तुमच्या टाकीत मांजर अडकलंय का,” असे पत्नीने सांगितले. पण काही दिवसांनी आवाज बरा निघू लागला आणि मी गावी गेलो.

आता घडले ते क्रमाने सांगतो.

पहाट संपून नुकते फटफटले होते. माणसाचा चेहरा ओळखू येईल इतका उजेड होता. तुरीच्या कडेला एक बाभूळ आहे. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी तिच्या बुंध्याला पाठ लावून, अंगाभोवती हिरवी चादर गुंडाळून बसलो. मागे, हाकेच्या अंतराच्याही अलीकडे, बांधाजवळ दाजी आणि रसूलभाई उभे. रसूलभाईंचा टेम्पो आहे. अक्काचे पक्षी बाजारात न्यायचे काम त्यांच्याकडे असते. आम्हा तिघांशिवाय जवळपास कोणी नव्हते. बाई तर एकही नव्हती.

मी पिपाणी लावली आणि श्वास ढकलला. आवाजाऐवजी थुंकी उडाली. दुसऱ्यांदा ठसका लागला.

“मास्टर,” रसूलभाई मागून म्हणाले, “अंडा देने बैठे क्या? बैठो, बैठो, हम नै देखते उधर.”

दाजी कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, “चादर नीट घ्या मास्तर, कोल्हं खुडूक कोंबडी समजून न्हील.”

मला शरम वाटली. मी पिपाणी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि न पाहता घाईने परत तोंडात घातली. श्वास ढकलला.

पडदा थरथरला की टाळूला मुंगी चालल्यासारखे होते. ते झाले नाही. श्वास दातांमधून नुसता निघून गेला. आणि त्याच श्वासाबरोबर हाक आली :

“बाऽ बाळप्पा, बाऽऽ!”

ती अक्काची हाक होती. ऑपरेशनच्या आधीची. ‘बा’ लांबवताना ती शेवटी किंचित वर न्यायची, तशीच वर गेलेली. आणि मधला ‘ळ’ पाटीवर गिरवल्यासारखा स्वच्छ. ती हाक समोरून आली, मागून आली की माझ्याच तोंडातून, हे मला सांगता येत नाही. स्वतःचा आवाज माणूस निम्मा हाडांमधून ऐकतो, त्यामुळे या बाबतीत माझी साक्ष धरू नये.

मग पलीकडच्या विहिरीवरून उत्तर आले :

“बंदे अक्का, बंदे!”

आणि तुरीचे शेंडे हलू लागले. बाळप्पा बाहेर आला. मादीच्या आवाजावर नर येतो तो आवाजाच्या जागेकडे, म्हणजे माझ्याकडे यायला हवा होता. तो माझ्या अंगावरून जावे तसा जवळून गेला, माझ्याकडे बघितलेही नाही. थेट बांधावर चढला, अक्का जिथे उभी राहायची त्या दगडाशी थांबला आणि मान वाकडी करून वर पाहू लागला.

तेवढ्यात माणूस-बाळप्पा तोंडात दातवण धरून धावत आला. पावसाळ्यानंतर तो सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागला होता आणि तिथेच खोली घेऊन राहत होता. आदल्या संध्याकाळी सुट्टीवर आला होता. अक्का दवाखान्यात आहे एवढेच त्याला ठाऊक होते.

“अक्का कवा आली?” तो इकडेतिकडे बघत म्हणाला. “आत्ता हाक मारली की! कुटं हाय?”

रसूलभाईंचे हसू केव्हाच गेले होते. त्यांनी माझ्याकडे बोट केले. “मास्टरने निकाला आवाज.”

दाजी माझ्याजवळ आले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी डोळ्यांना लावला. “तिचाच की ओ, मास्तर. जरा म्हणून फरक न्हाय. तुमी काढला?”

आणि मी मान हलवली.

का हलवली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तोंडात पिपाणी होती, बोलता येत नव्हते, हे एक निमित्त. खरे असे, की अंडे घालायला बसलेल्या मास्तराला एकदम मान मिळाला होता, आणि तो मला हवा होता.

“दिवाळीपास्नं ऐकला न्हवता,” दाजी म्हणाले. “आनखी एकदा काढा की. एकदाच.”

मी हाताने खूण केली, घसा बसला. ते लगेच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, तरास नगं.” आणि भरडा दाखवत बाळप्पाला खुराड्याकडे घेऊन गेले. सगळ्यांची पाठ वळल्यावर मी पिपाणी रुमालात काढली. ती उलटी होती. नालेची बंद बाजू पुढे, पडदे थुंकीने एकमेकांना चिकटून दुमडलेले. अशा पिपाणीतून मादीचा आवाजसुद्धा निघत नाही.

दाजींनी तेवढ्यात आमच्या घरी फोन लावून सगळे सांगितलेच होते. मी संध्याकाळी सोलापूरला पोचलो तेव्हा दार अक्काने उघडले. माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिने अलाबला घेतली आणि कानशिलांवर बोटे मोडली. लहानपणी माझा पहिला नंबर आला की मोडायची तशी. मग माझ्या खिशाकडे बोट केले. वाजव. मी मादीचा आवाज काढला. तिने ऐकला आणि नकाराची मान हलवली. हा नाही, तो. “तो तिथंच जमला, अक्का,” मी म्हणालो. दुसरे खोटे पहिल्यापेक्षा सोपे जाते. त्या रात्री ती पोटभर जेवली आणि मी ताटावरून लवकर उठलो.

दुसऱ्या दिवसापासून मी तपास सुरू केला. आधी घरचा. हाक आली त्या सुमारास अक्का काय करत होती? पत्नी म्हणाली, “खाटेवर बसली होती. मी कोमट पाणी दिलं, ते प्याली. का हो?” तिथे काहीही घडले नव्हते. काही घडले असते तर निदान एक धागा मिळाला असता, असे मला वाटून गेले.

कोणी तिची जुनी हाक मोबाइलवर वाजवली का? दाजींचा फोन बटणांचा आहे. रसूलभाईंनी आपला मला स्वतःहून तपासू दिला. अशी हाक कोणी कधी साठवलीच नव्हती. रोजच्या हाकेचे रेकॉर्डिंग कोण करतो? साळुंकी माणसाच्या आवाजाची थोडीफार नक्कल करते, म्हणून एक सकाळ आणि एक संध्याकाळ मी त्या बाभळीखाली घालवली. साळुंक्या भरपूर होत्या. कोणी ‘बाळप्पा’ म्हणाली नाही.

आम्हा तिघांना भास झाला, असे म्हणावे तर विहिरीवरच्या माणसाचे काय? त्याला आम्ही तिथे बसलो आहोत हेही ठाऊक नव्हते. रसूलभाईंची गोष्ट आणखी वेगळी. ते दखनी बोलणारे. ‘ळ’ त्यांच्या तोंडी सहसा बसत नाही. ते त्या पक्ष्याला कायम ‘बालप्पा’ म्हणतात. पण त्या दिवशी काय ऐकले ते म्हणून दाखवा, असे मी सांगितले तेव्हा ते थांबले, जीभ आत वळवली आणि कष्टाने म्हणाले, “बाळप्पा. ऐसा था, मास्टर. मोटा वाला.”

राहिली माझी पिपाणी. ती सुलट बसवून, मोबाइलचा रेकॉर्डर लावून मी सगळी वर्णमाला म्हणून पाहिली. प, ब, म ओठांचे. ते दबके का होईना, येतात. क, ग येतात. ‘बा’ तर स्पष्ट येतो. पण मूर्धन्य वर्णांसाठी जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या घुमटाला लागावे लागते, आणि त्या घुमटावर तर पिपाणी बसलेली. ट, ड, ण यांच्या जागी नुसता अडथळा येतो. ‘ळ’ येतच नाही. त्याच्या जागी ओली पोकळी येते.

ते रेकॉर्डिंग मी परत ऐकले आणि मग बंद केले. ‘बा’, पोकळी, ‘अप्पा’. अक्का रोज बोलत होती तेच. तिच्या तोंडून जे ऐकवत नव्हते म्हणून मी तिला पाहुण्यांसमोर गप्प बसवत होतो, ते मी वर्गातल्या प्रयोगासारखे पुनःपुन्हा म्हणत बसलो होतो.

होळीच्या सुमारास उपचार संपले आणि अक्काला मी गावी सोडायला गेलो. जाताना माझ्या जुन्या शाळेतली दगडी पाटी आणि घासून गुळगुळीत केलेली एक काडी बरोबर घेतली होती. पाटीवर काडी गोल फिरवली की मादीचा आवाज निघतो आणि त्याला जीभ लागत नाही. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. सारा जन्म ज्याचा पाटीशी गेला, त्याने परदेशातून पिपाणी मागवली!

संध्याकाळ झाली. कळप रानात पांगलेला होता. दाजी, रसूलभाई, माणूस-बाळप्पा, आणि अक्काला बघायला आलेल्या चार बायका, असे सगळे बांधावर जमले.

“मास्तर, काढा की आता,” दाजी म्हणाले. “तिच्या म्होरं काढा. तिलाबी ऐकू द्या.”

अक्का माझ्याकडे पाहत होती. मी पाटी हातात घेतली, आणि मग ती खाली ठेवली.

“दाजी, तो आवाज मी काढला नव्हता.”

“म्हंजी?”

“पिपाणी उलटी होती. तिच्यातून काही निघालंच नाही. मी उगाच मान हलवली.”

दाजींनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. “मग कुनाचा हुता?”

“मला माहीत नाही.”

“तुमी मास्तर माणूस,” ते हळू म्हणाले, “तवाच सांगायचं की ओ.” एवढेच. ओरडले असते तर बरे झाले असते.

मी अक्काकडे वळलो. तिने आपल्या गळ्यावर बोट ठेवले आणि हात आडवा हलवला. माझा नव्हता. मग माझ्या दंडाला धरून मला बाजूला सारले, दगडावर चढली आणि सगळ्यांच्या देखत तोंड उघडले. माझ्या ओठांवर शब्द आले होते, “अक्का, तू दमू नकोस...” ते मी गिळले.

“बाऽ बा... अप्पा, बाऽऽ!”

मोडकी हाक. मधला वर्ण गळलेला, शेवट लाळेत भिजलेला. एका बाईने पदर तोंडाला लावला. आणि ज्वारीच्या ताटांमधून बाळप्पा आला, डुलत, फुगत, नेहमीसारखा. त्याच्या मागे माद्या. त्याला ‘ळ’ लागत नव्हता. त्याला तिने फक्त उभे राहून हाक मारायला हवी होती, आणि ती तिला कोणी मारू दिली नव्हती.

माणूस-बाळप्पा मुद्दाम विहिरीपर्यंत पळत गेला आणि तिथून ओरडला, “बंदे अक्का, बंदे!”

अक्का हसली. अर्ध्या जिभेने तिने त्याला काहीतरी सुनावले. त्यातला ‘फुगून’ एवढा शब्द मला कळला.

कळप विकलेला नाही. पाटी तिच्या खुराड्यात खुंटीला टांगलेली आहे. घसा दुखतो त्या दिवशी ती वापरते म्हणे. दाजी माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात. फक्त मी कोणतीही गोष्ट सांगितली, की ते एकदा अक्काकडे बघून खात्री करून घेतात.

त्या सकाळची हाक कोणाची होती, याचे स्पष्टीकरण माझ्याजवळ आजही नाही. मी ‘ळ’ काढू शकत नाही, यावरून तो कोणालाच काढता येणार नाही असे सिद्ध होत नाही, एवढे तर्कशास्त्र मला येते. म्हणून वाचकांना विनंती आहे, की माझ्यावर विश्वास ठेवू नये, स्वतः तपासावे. दोनपदरी, बिनचिरेची पिपाणी घ्यावी. कोमट पाण्यात धुवावी. आधी सुलट, मग उलटी बसवावी, ‘बाळप्पा’ म्हणावे आणि जवळच्या माणसाला काय ऐकू आले ते विचारावे. कोणाच्याही तोंडून ‘ळ’ निघाला, तर कृपया या सदरात जरूर कळवावे. तसे झाले, तर ती हाक कदाचित माझ्याच तोंडून निघाली असेल, आणि दाजींसमोर मी मान हलवली ती अगदीच खोटी ठरणार नाही.